लावलेला चुना

बाबा गेल्यावर भेटायला येणारी माणसं त्यांचं बोलणं आठवून सांगतात. विहिरीचा कठडा कसा बांधावा हे कुणाला त्यांनी समजावलं होतं, भावाशी अबोला धरणाऱ्या कुणाला चार शब्द सुनावले होते. मी चहा पुढे करते आणि ऐकते. सगळं खरंच असतं. पण मला त्यांच्याबद्दल जे सांगायचंय त्यात ते जवळजवळ काहीच बोलत नाहीत. चारचौघांत बसून ते सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमची चुन्याची भट्टी होती. दोन पुरुष उंच, दगडी, पोटात फुगीर. वरच्या तोंडातून चुनखडीचे दगड आणि कोळसा थराथराने टाकायचा आणि खालच्या तोंडातून जळून हलका झालेला चुना ओढून काढायचा. एकदा पेटली की हंगाम संपेपर्यंत तिला खायला घालावं लागायचं. आत्या म्हणायची, "सवत आहे ही माझी. जेवल्याशिवाय झोपत नाही आणि कुणाला झोपू देत नाही." आत्याने लग्नच केलं नव्हतं. सवत कुठून आली, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

भट्टी उतारावर होती. वर गाव, खाली दगडखाण आणि खाणीवरची वस्ती. आम्ही मुळात खाणीवरचेच. आमच्या कुणा पणज्यांना जहाजात भरून दगड फोडायला आणलं होतं. पाण्यापलीकडचं गाव आता कुणाला आठवत नव्हतं. काळा रंग आणि दाट कुरळे केस तेवढे सोबत आले होते. वरच्या गावातली माणसं उजळ. आजोबांनी भट्टी घातली तेव्हा आमचं घर वस्तीपासून सुटलं, पण गावाला काही जाऊन लागलं नाही. मधेच राहिलं. शाळा वरची जवळ पडायची, म्हणून मी वरच्या शाळेत. वर्गात माझ्या रंगाची मी एकटी.

संध्याकाळी मात्र आमच्या घरात सगळीच पांढरी असायची. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यांमागेही पांढरं. बाबांच्या बोटांना भेगा पडलेल्या असत आणि त्यांत चुना गेला की ते हात झटकत दारातच उभे राहायचे. आई तेलाची वाटी घेऊन यायची. "आधी तोंडं धुवा," म्हणायची, "मग ओळखते कोण कोण आहे ते."

त्या वर्षी पाऊस रेंगाळला आणि भट्टी उशिरा पेटली. गावात घरं रंगवायची खोळंबली होती, शाळेच्या नव्या खोल्यांच्या भिंती तशाच उघड्या होत्या. सगळ्यांना चुना एकदमच हवा होता. बाबा, आई आणि आत्या आळीपाळीने माथ्यावर चढत. खाणीवरून मुकादमाची माणसं दगड आणून टाकायची. तो फोडून मुठीएवढा करायचा, टोपलीत भरायचा, डोक्यावरून शिडीने वर न्यायचा. शाळा सुटली की मीही लागायचे. पण सामन्याच्या आठवड्यात बाबांनी मला शिडीवर चढू दिलं नाही. "पाय मोडलास तर गोल कोण करणार?" म्हणाले.

वरची शाळा आणि खाणीवरची शाळा यांचा मुलींचा फुटबॉल सामना दरवर्षी व्हायचा. सामन्याइतकीच त्यातल्या खोड्यांची चर्चा असायची. आदल्या वर्षी आम्ही त्यांच्या मैदानावर गेलो, तर त्यांनी आमच्या बाकाला डिंक फासून ठेवला होता. आमचे खेळाचे शिक्षक, ज्यांना सगळी शाळा शिट्टीसर म्हणायची, ते गोल झाला म्हणून उडी मारून उठले आणि बाक त्यांच्याबरोबर उठला. वस्ती पोट धरून हसली. आम्हीही हसलो. सर तेवढे हसले नाहीत.

या वर्षी सामना आमच्याकडे होता. मी पहिल्या अर्ध्या खेळात दोन गोल केले. त्यांच्या गोलकीपरला घोरपड म्हणत, कारण तिच्या हाताला लागलेला चेंडू सुटत नसे. दुसऱ्या गोलला ती बोटाच्या अंतराने चुकली आणि जमिनीवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "भट्टीवाले, उतरताना खालच्याच रस्त्याने जायचंय तुला, लक्षात ठेव." मी म्हटलं, "आमच्या दारावरूनच तुला जायचंय. पाणी देऊ की नको ते ठरवते." दोघी हसलो. तिच्या मामाकडूनच आमच्याकडे दगड यायचा. मुकादम म्हणजे तिचा मामा.

मध्यंतरात पाहुण्या मुली त्यांना दिलेल्या खोलीत गेल्या. शाळेने त्यांच्यासाठी टॉवेल ठेवले होते, पांढरे. त्यांत चुना भुरभुरलेला होता. मैदानाच्या रेघा मारायला आमच्याकडूनच घेतलेला, बारीक चाळलेला. पोरींनी घामेजलेली तोंडं खसाखसा पुसली आणि बाहेर आल्या. त्याच वेळी कुंपणावर कापडी फलक सोडला गेला: पाहुण्यांना चुना लावला!

हशा उसळला. अकरा पोरी, हातपाय काळे आणि तोंडं पांढरीफटक. त्यांना काही कळेना, त्या एकमेकींकडे बघू लागल्या. गर्दीतून कुणी ओरडलं, "एकदम उजळल्या की हो!" दुसरा म्हणाला, "आता पंचाने ओळखायचं कसं, कोण कुठल्या बाजूचं?" त्यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. तेवढ्यात घोरपड डोळे चोळत खाली बसली. त्यांच्या बाईंनी तिच्या तोंडावर पाण्याची बाटली रिकामी केली, तर चुना ओघळून आणखीच डोळ्यांत गेला. मग त्यांच्या बाईंनी सामना सोडला. सगळ्या पोरींना गोळा केलं आणि उतारावरून घेऊन गेल्या.

त्या आमच्या भट्टीवरून गेल्या ते मला नंतर आईने सांगितलं. आत्या माथ्यावर होती. पांढऱ्या तोंडांची ओळ उतरताना बघून ती म्हणाली, "ह्या कुठल्या भट्टीवरच्या गं?" जवळ आल्यावर तिने टोपली टाकली. आईने एकेकीला दगडावर बसवलं, मान मागे करून डोळ्यांत पाण्याची धार धरली, भांडी रिकामी झाली तरी धरली. मग तोंडांना तेल चोळलं. बाबा घागरीवर घागरी आणत राहिले. आईने विचारलं, "कुणी केलं?" त्यांच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या शाळेने."

तेव्हा मी मैदानावरच होते. आमच्या मुली फलक घेऊन गोल धावत होत्या. शिंप्याची मुलगी माझी मैत्रीण. इतकी बुटकी आणि गोल की तिला बटणच म्हणत. तिच्याकडे कागदात थोडा चुना उरला होता. ती माझ्याकडे धावत आली, बोटं कागदात बुडवली आणि माझ्या कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत ओढली. मग दोन्ही गालांवर. "थांब थांब, हिचं राहिलं!" ती ओरडत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. बटणने मला मिठी मारली आणि मग आपल्या फ्रॉकला लागलेला चुना झटकून टाकला.

मी तशीच घरी आले. धुवायचं काही कारण नव्हतं. आमच्या घरात चुना लागलेलं तोंड कोण बघतं?

आईने बघितलं. माझी हनुवटी धरली. "हा कसला?"

"भट्टीचा."

"तू भट्टीवर आलीसच कुठे अजून?"

आत्या मोरीवर हात धूत होती. ती जवळ आली आणि डोळे बारीक करून बघू लागली. "भट्टीचा चुना वरून पडतो," ती म्हणाली. "केसांत बसतो, खांद्यांवर बसतो. ह्याला बोटं आहेत. हा पडलेला नाही, लावलेला आहे."

बाबा पाठमोरे पाय धूत होते. त्यांचा तांब्या हवेतच थांबला. पण ते वळले नाहीत. आईने माझं तोंड धुतलं, घोरपडीचं धुतलं होतं तसंच, मान मागे करून, आणि कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड आला नाही. मुकादम एकटाच आला. तो धिप्पाड माणूस होता, आमच्या भट्टीच्या कट्ट्यावर बसला की कट्टा लहान वाटायचा. त्या दिवशी तो बसला नाही.

"भाचीचे डोळे कसे आहेत?" बाबांनी विचारलं.

"उघडतात. वहिनींनी धुतले म्हणून वाचले, डॉक्टर म्हणाला." तो आईकडे बघून किंचित वाकला, मग पुन्हा ताठ झाला. "वरून निरोप आलाय. डोळ्यांबद्दल वाईट वाटतं म्हणे. औषधाचं बघतो म्हणे. आणि बाकी ती चेष्टा होती."

"हं."

"पोरींची तोंडं रंगवली, भावा. आमच्या पोरींचीच. कशाला ते तुला मी सांगायला पाहिजे?"

"नको."

"मग ते तिथे बोल. शाळेत सभा लावलीय. सगळ्यांसमोर बोल. तोवर दगड नाही." तो वळला, पुन्हा थांबला. "तुझ्यावर राग नाही. पण मधे बसलेल्या माणसाला कधीतरी उठावं लागतं."

शिट्टीसर दुपारी आले. रुमाल झटकून कट्ट्यावर पसरला आणि त्यावर बसले. आत्या म्हणाली, "खुशाल बसा सर, आमच्याकडे डिंक नसतो." सरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"अहो, चेष्टेची कुस्करी झाली बघा," ते बाबांना म्हणाले. "मुलींनी मला न विचारता केलं. मी असतो तर टॉवेल नाही म्हटलं असतं, डोळ्यांचा प्रश्न आहे. पण रंगबिंग काय त्यात? चुना लावला म्हणजे फसवलं. दुकानदार गिऱ्हाइकाला लावतो, जावई सासऱ्याला लावतो. साधी भाषा आहे. ते लोक भलतंच मनाला लावून घेतात."

"लावून घेतात खरं," आत्या शिडीवरून म्हणाली.

"तुम्ही त्यांच्यातले, तुमचं ऐकतील. दोन शब्द बोला, की गंमत होती. नाहीतरी नव्या खोल्यांना चुना तुमचाच घ्यायचाय."

बाबा म्हणाले, "चहा घेणार?"

सर गेल्यावर आईने कप विसळले. "एक म्हणतो बोल, दुसरा म्हणतो बोल. तुमच्या जिभेला एवढी किंमत कधीपासून आली?"

"भट्टी बसेल," बाबा म्हणाले. त्यांना तेच दिसत होतं.

भट्टीला दगड कमी पडू लागला. विझली तर तिला पुन्हा पेटवायला त्या हंगामात वेळच नव्हता, आणि गरम भिंत एकदम थंडावली की तडे जातात. म्हणून तिला अर्धपोटी जिवंत ठेवायचं. आम्ही आजूबाजूचा टाकाऊ दगड वेचायला लागलो. पूर्वी अर्धवट जळून निघालेला, गवतात पडलेला, कुंपणाला लावलेला. आत्याने अंगणाची पायरी उखडली. "बघते काय," मला म्हणाली, "खाऊ दे सटवीला." आईचे तळहात सोलून निघाले. बाबा जाळ बघायला दर थोड्या वेळाने खालच्या तोंडाशी गुडघे टेकून वाकायचे आणि उठताना भिंतीचा आधार घ्यायचे. आधार घेताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

मी शाळेत जात होते. बटण माझ्याशेजारीच बसायची. तिने एकदा विचारलं, "तुझ्या घरी रागावले का गं?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" ती म्हणाली, "तेच, खालच्या मुलींबद्दल." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

सभेच्या आदल्या दुपारी बाबा चुना ओढत होते आणि मी टोपली धरली होती. लांब दांड्याच्या खोऱ्याने ते आतून ढेकळं ओढायचे, ती लाल-पांढरी होऊन टोपलीजवळ पडायची. मधेच ते न थांबता म्हणाले, "त्या दिवशी लावला तो कुणी?"

"बटणने."

"सगळ्या मुलींना लावला?"

"नाही." ढेकूळ फुटलं, मी पाय मागे घेतला. "मला."

त्यांनी आणखी एक खेप ओढली. मग खोरं भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "उद्या हे सांगू का?"

मी म्हटलं, "नको." आणि त्यांनी का ते विचारायच्या आधी मीच पुढे म्हटलं, "मला रोज तिथेच बसायचंय."

"बरं," बाबा म्हणाले, आणि खोरं उचललं.

सभा सातवीच्या वर्गात होती. मोठी माणसं लहान बाकांवर बसलेली, गुडघे छातीशी. एका बाजूला वरचे, दुसऱ्या बाजूला खाणीवरचे. बाबा आणि मी शेवटच्या बाकावर, मधल्या रांगेत. आई आणि आत्या भट्टीशी राहिल्या होत्या. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "आज बोला."

हेडबाई टेबलामागे होत्या. करड्या केसांची, हळू बोलणारी बाई. त्यांनी आधी डोळ्यांबद्दल माफी मागितली. खाणीवरच्या बाईंनी ती घेतली. "आता तोंडांबद्दल बोलू," त्याच पुढे म्हणाल्या.

"तोंडांबद्दल काय बोलायचं?" शिट्टीसर उठले. "आमच्या बाकाला डिंक लागला तेव्हा मी सभा बोलावली होती? खेळात होतं. आणि एक सांगतो. माणसाची बदनामी करायची तर त्याच्या तोंडाला काळं फासतात. इथे काळं फासलं असतं तर मीच पहिला माफी मागितली असती. पांढरं लावलंय. पांढऱ्यात अपमान कुठून आला?"

वरच्या बाजूला माना हलल्या. मुकादम बसल्या जागेवरून म्हणाला, "आमच्या तोंडाला काळं काय फासणार, सर? ते आहेच. म्हणून पांढरं शोधलंत."

"हे बघा, हे चोराच्या मनात चांदणं झालं."

"चोर कोण?"

"म्हणजे शब्दशः नाही हो!"

"तुमचं काहीच शब्दशः नसतं," मुकादम म्हणाला, आणि खाणीवरची बाजू हसली.

हेडबाईंनी हात वर केला. "मुलींना कुणी विचारलंय का?" त्या घोरपडीकडे वळल्या. "तुला काय वाटलं, बाळ?"

घोरपड उठली. तिचे डोळे अजून लालसर होते. "डोळे झोंबले," ती म्हणाली. "ते काय, बरे झाले." मग थांबली. "भट्टीवर तोंडं धुतली, पण केसांजवळ, मानेवर राहिलं होतं. घरी गेल्यावर धाकट्या बहिणीने बघितलं. ती म्हणाली, ताई, धुऊ नको ना. असंच ठेव. छान दिसतेस." ती बसली.

"बघा!" शिट्टीसर म्हणाले. "लहान पोरीलाही गंमतच वाटली."

कुणी हसलं नाही. पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही, ते रंगात आले होते. मी आज विचार करते तेव्हा वाटतं, ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच दिसत नव्हतं. "आणि शेवटचं सांगतो," ते म्हणाले. "रंगावरूनच करायचं असतं तर आमच्या संघातही एक मुलगी आहे. आमची सगळ्यांत चांगली खेळाडू. तिला कुणी बोट तरी लावलं का? नाही. कारण ती पाहुणी नाही, आमची आहे. चुना पाहुण्यांना लावला. विषय संपला. हे काय, वडील बसलेत तिचे. सांगा तुम्हीच. तुमच्या मुलीला लावला का कुणी चुना?"

सगळे बाक करकरले. सगळी तोंडं आमच्याकडे वळली. बाबा उठले. उठताना त्यांचा गुडघा बाकाला आपटला.

त्यांच्याकडे एकच वाक्य होतं आणि त्याने सगळंच मिटत होतं. मुकादमाचं समाधान, दगड, भट्टी, आईचे सोललेले हात. मी माझ्या नखांकडे बघत राहिले.

बाबा म्हणाले, "माझ्या मुलीचं नाव यात घेऊ नका, सर."

"अहो, चांगल्याच अर्थाने घेतलं."

"कुठल्याच अर्थाने नको."

"म्हणजे नाहीच ना लावला?"

बाबा गप्प राहिले.

मुकादम उभा राहिला. "बोल की! तोंडात काय चुना धरलायस?" त्याने बाकावर मूठ आपटली. "सांग त्यांना, हसतखेळत होतं म्हणून! खोल्यांचं काम मिळतंय ना? वहिनींनी आमच्या पोरींची तोंडं धुतली आणि तू इथे त्यांची धुणी धू." कुणीतरी वरच्या बाजूने म्हणालं, "अहो, त्यांना पटतंय आपलं, म्हणूनच गप्प आहेत." आणि शिट्टीसर बाबांकडे बघून हसले. आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं. मला वाटतं, शिव्यांपेक्षा ते हसू त्यांना जड गेलं असावं. त्यांच्या मानेवरची शीर वर आली. ते उभे होते, हात बाजूला सोडलेले, भेगांतून चुना दिसत होता. बसायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ते उभेच राहिले.

"मी लावला."

आवाज इतका बारीक होता की हेडबाईंनी विचारलं, "कोण बोललं?"

बटण तिच्या वडिलांच्या शेजारी उभी राहिली होती. उभी राहूनही बसल्यासारखीच दिसत होती. शिंप्याने तिचा हात ओढला, तिने सोडवून घेतला.

"मी लावला तिला. सामना सुटल्यावर."

"आणि कुणाकुणाला?" हेडबाईंनी विचारलं.

"तिलाच."

"बाकीच्या मुलींना?"

"नाही."

"तिलाच का?"

"तिचं राहिलं होतं म्हणून."

हेडबाई पुढे झुकल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, "काय राहिलं होतं, बाळ?"

बटणने तोंड उघडलं. तिने उत्तर शोधलं, हे मी बघितलं. ती प्रामाणिकपणे शोधत होती. मग तिला ते सापडलं. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला आणि ती बाकावर डोकं ठेवून रडायला लागली. शिंपी तिच्या पाठीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसला.

हेडबाई टेबलामागून उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी खाली वस्तीत येते. संघाला घेऊन. डोळ्यांसाठी नाही."

वाद तिथे संपला असं नाही. बाहेर पडताना शिट्टीसर कुणाला तरी म्हणत होते, "म्हणजे आता माणसाने हसायचंही नाही." पुढे कित्येक वर्षं गावात दोन्ही बाजूंनी बोललं जायचं, चेष्टाच होती, चेष्टा कसली. बटणने मात्र मला नंतर कधीही स्पष्टीकरण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि मी तिला जागा करून दिली. बाबांना खांदा द्यायला परवा तिचा नवरा आला होता आणि ती स्वयंपाकघरात आत्याजवळ बसून होती. त्या दोघींचीही मी ऋणी आहे, पण ते वेगळं.

फाटकाशी मुकादमाने बाबांना गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि माझं सगळं ऐकून घेतलंस?"

"दगड सकाळी लवकर पाठव," बाबा म्हणाले. "भट्टी बसायला आलीय."

मुकादम आपल्या माणसांना हाका मारत उतारावरून पळत सुटला. एवढ्या मोठ्या माणसाला पळताना बघून मला हसू आलं.

आम्ही दोघं मागून चालत होतो. ऊन कलतं होतं. मी बराच वेळ विचारू की नको करत होते. शेवटी विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही सांगितलंत? सगळे एवढं बोलत होते तरी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना काहीतरी अगदीच खुळं विचारलं असावं असा चेहरा होता.

"तू नको म्हणाली होतीस ना," ते म्हणाले.

एवढ्यात वळण आलं आणि भट्टी दिसली. माथ्यावरचा धूर दोऱ्यासारखा बारीक झाला होता. आत्या वरून दोन्ही हात हलवत होती. बाबा धावायलाच लागले, आणि त्यांच्यामागे मी. त्यांच्या त्या उत्तरात मला तेव्हा विशेष काही वाटलं नव्हतं. मला वाटलं, सगळ्यांचेच बाबा असे असतात.